खंडानंतर पुन्हा मातीकडे: सिरॅमिक शिल्पकारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजारपण, बाळंतपण, गाव बदलणं, घरातल्या कुणाची शुश्रूषा, पोटापाण्याची नोकरी. कारण काहीही असो, स्टुडिओला कुलूप लागतं आणि ते बराच काळ तसंच राहतं. मी मातीत शिल्पं करते आणि माझी भट्टी इतरांनाही भाजायला देते. त्यामुळे असे परतणारे लोक माझ्याकडे नेहमी येतात. बहुतेकांना उत्साह परत कसा आणायचा हे हवं असतं. मी त्यांच्याशी उत्साहाबद्दल फार बोलत नाही, भट्टीबद्दल बोलते. मातीच्या कामात गती असते तेव्हा एकाच वेळी एक काम ओलं असतं, एक वाळत असतं, एक बिस्क होऊन, म्हणजे पहिल्यांदा भाजून, ठेवलेलं असतं आणि एक ग्लेझची, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपाची, वाट बघत असतं. कुठल्याही दिवशी स्टुडिओत गेलं तरी हाताला काहीतरी मिळतं. खंड पडला की ही साखळी रिकामी होते, आणि ती पुन्हा भरणं हेच परतणाऱ्याचं पहिलं काम आहे. खालची बहुतेक उत्तरं याच समजुतीतून आली आहेत.

पहिल्या दिवशी सुरुवात कुठून करू?

झाडू हातात घेऊ नका. बंद स्टुडिओत जमिनीवर, फळ्यांवर, चाकाच्या खाली मातीची आणि ग्लेझची बारीक धूळ बसलेली असते आणि तिच्यात सिलिका असते. कोरडं झाडलं की ती उडते. त्यातले सगळ्यात घातक कण डोळ्यांना दिसतच नाहीत आणि कितीतरी तास हवेत तरंगत राहतात. ते फुफ्फुसात खोल गेले की तिथेच राहतात. सिलिकोसिस यातूनच होतो आणि तो बरा होत नाही. खिडक्या उघडा, एन-९५ मास्क लावा, पाणी शिंपडा आणि ओल्या फडक्याने पुसा. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर नको, कारण बारीक धूळ त्याच्या मागून परत खोलीत येते. हेपा फिल्टरवाला असेल तर चालेल.

पण सगळा स्टुडिओ लख्ख करायच्या मागेही लागू नका. एक टेबल, एक फळी आणि बसायची जागा पुसून झाली की थांबा. आठवडाभर आवराआवर करून दमलेले आणि मातीला हात न लावताच पुन्हा कुलूप लावून गेलेले लोक मी पाहिले आहेत. त्याच दिवशी मूठभर माती हातात यायला हवी. जुनी माती दगड झाली असेल तर एक नवी पिशवी विकत घ्या आणि तिच्यातली घ्या.

पिशवीतली जुनी माती कडक झाली आहे. फेकू का?

मुळीच नाही. न भाजलेली माती वाया जात नाही, आणि मुरलेली माती नव्या मातीपेक्षा बहुधा जास्त लवचीक असते. पिशवी उघडल्यावर काळी-हिरवी बुरशी दिसली, आंबूस वास आला, तर घाबरू नका. ते चांगलं लक्षण आहे. मात्र बुरशीची ॲलर्जी असेल किंवा हाताला जखम असेल तर हातमोजे घाला.

माती दाबल्यावर थोडी तरी दबत असेल तर तिला फोडू नका. पिशवीत पेलाभर पाणी घाला, तोंड घट्ट बांधा आणि अख्खी पिशवी पाण्याने भरलेल्या बादलीत दोन-तीन दिवस बुडवून ठेवा. बाहेरच्या पाण्याचा दाब आतलं पाणी सगळीकडून मातीत ढकलतो. बाहेर काढली की मळायला लागा.

पूर्ण वाळली असेल तर काम उलट सोपं आहे. बऱ्याच जणांना हे पटत नाही, पण अर्धवट ओली माती पाण्यात टाकली तर ती तशीच ढेकूळ राहते, आणि ठणठणीत वाळलेली माती काही तासांत आपोआप विरघळून चिखल होते. म्हणून अर्धवट ओली माती आधी पातळ चिरून उन्हात पूर्ण वाळवा, मग पाण्यात टाका. ढवळू नका. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी काढा, चिखल प्लास्टरच्या लादीवर पसरा आणि लादीपासून सुटायला लागला की उचलून मळा. प्लास्टरचा कपचा मातीत जाऊ देऊ नका. भाजल्यानंतर तो हवेतला ओलावा शोषून फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवतो, कधी भट्टीतून काढल्यावर काही आठवड्यांनी.

सगळ्यात मोठा धोका वेगळा आहे. पिशवीवरचं नाव पुसलेलं असतं आणि कुठली माती आहे हे आठवत नाही. टेराकोटाची लाल माती १०००-११०० अंशांची असते, स्टोनवेअर १२०० अंशांच्या पुढची. टेराकोटाची माती चुकून १२४० ला गेली तर ती वितळून भट्टीतल्या शेल्फवर पसरते आणि शेल्फसकट वाया जाते. म्हणून अनोळखी मातीचा एक लहान तुकडा जुन्या भाजलेल्या वाटीत ठेवून आधी भाजून पाहा. पसरला तर वाटीतच राहील.

गणपतीच्या वेळची शाडू माती घरात आहे. सरावाला चालेल?

हात मोकळा करायला आणि छोटे नमुने करायला उत्तम. पण ती वेगळ्या टेबलावर, वेगळ्या हत्यारांनी वापरा आणि भट्टीच्या मातीत मिसळू देऊ नका. शाडूचं काम भट्टीत टाकायचं नाही.

अर्धवट राहिलेलं शिल्प फळीवर तसंच आहे. ते आधी पूर्ण करावं का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. नको.

आधी तांत्रिक कारण. स्टोनवेअरची माती ओल्यापासून पूर्ण भाजेपर्यंत साधारण १० ते १३ टक्के आकसते, आणि यातला मोठा भाग ती वाळतानाच आकसून झालेला असतो. फळीवरचं शिल्प तेवढं आकसून बसलं आहे. तुम्ही त्याला आज ओला हात किंवा ओली कॉइल (मातीची वळी) जोडाल, ती आकसायला लागेल, आणि सांध्यावर भेग येईल. वाळलेल्या भागावर ओलं फडकं टाकून त्याला परत नरम करायचा प्रयत्न लोक करतात. तेव्हा बाहेरचा थर फुगतो, आतला तसाच राहतो आणि माती पापुद्र्यांनी सुटते.

जोडायचंच असेल तर पेपर क्ले हा मार्ग आहे. कागदाचा लगदा मिसळलेल्या मातीत कागदाचे तंतू भेग पुढे जाऊ देत नाहीत आणि कोरड्यावर ओलं बऱ्याच अंशी टिकतं. जितकं झालं आहे तितकंच पूर्ण मानून बिस्क करणं हाही मार्ग आहे. धड असेल तर धड म्हणून. असं काम कधीकधी खरोखर चांगलं निघतं.

पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते शिल्प तुम्ही ज्या दिवसांत सुरू केलं त्या दिवसांतला विचार त्यात आहे, आणि तो नेमका कुठे चालला होता हे आज आठवून आठवून काढावं लागतं. परतल्यावर पहिले कित्येक दिवस जुन्या कामासमोर नुसतं उभं राहण्यात जातात. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, वहीत दोन-चार रेघांचं चित्र काढा, आणि शिल्प पाण्यात टाका. माती परत मिळेल. जीव फारच अडकला असेल तर कापड टाकून झाका आणि दोन भट्ट्या झाल्यावर त्याच्याकडे या.

हात विसरले असतील का?

थोडेसे. पण त्याहून त्रास असा होतो की डोळा पुढे गेलेला असतो. खंडाच्या काळात तुम्ही काम केलं नाही, पण पाहिलं भरपूर. म्हणून पहिल्या आठवड्यातलं काम बघून जास्तच निराशा येते. पूर्वीपेक्षा हात मंद झालेला असतो आणि नजर कडक झालेली असते.

यावर मला एकच उपाय लागू पडताना दिसला आहे. एक छोटा आकार घ्या, मुठीएवढा, आणि तोच पुन्हा पुन्हा करा. डोकं, पक्षी, बी, घर, काहीही. विषय निवडण्यात दिवस घालवू नका. शिल्पकार हिंमत शाह यांनी माणसाचं डोकं हा एकच विषय घेऊन टेराकोटात आणि ब्राँझमध्ये वर्षानुवर्षं काम केलं, आणि त्यातलं एक डोकं दुसऱ्यासारखं नाही. बडोद्याच्या सिरॅमिक कलाकार ज्योत्स्ना भट्ट यांच्या मांजरी आणि पक्षी आठवून पाहा. आकार लहान, पण पाठीच्या एका वळणावर किती काम झालेलं असतं. एकच आकार वारंवार केला की काय करायचं हा प्रश्न उरत नाही आणि लक्ष सगळं कसं करायचं यावर जातं. माती किती ओली असताना कान जोडायचा, केव्हा पोकळ करायचं, अंगठा किती दाबायचा, हे सगळं त्यातूनच हातात परत येतं.

हे तुकडे भरीव राहू देऊ नका. लेदर हार्ड, म्हणजे चामड्याइतके ताठ, झाल्यावर तारेने दोन भाग करा, आतून कोरून भिंत बोटाच्या जाडीपेक्षा कमी ठेवा, स्कोअर करून (ओरखडे काढून) स्लिप (पातळ चिखल) लावून परत जोडा आणि खाली कुठेतरी छिद्र द्या.

रोज किती तास द्यावेत?

तासांचं गणित या माध्यमात फारसं चालत नाही. चित्रकाराला सलग चार तास मिळाले तर तो चार तास काम करू शकतो. आपल्याला माती थांबवते. खालचा भाग जरा ताठ झाल्याशिवाय वरचा चढवता येत नाही, आणि उशीर केला तर तो इतका ताठ होतो की वरचं जोडता येत नाही. म्हणून रविवारी आठ तास देण्यापेक्षा आठवड्यातून चार-पाच वेळा तासभर जाणं कितीतरी फायद्याचं. त्या तासाभरात एका दिवशी प्लास्टिक काढून बघायचं, दुसऱ्या दिवशी काठ ओला करायचा, तिसऱ्या दिवशी कालचं कोरून ठेवायचं. हे सगळं कामच आहे.

परतणाऱ्यांना मी पुढचा क्रम सांगते. पहिल्या आठवड्यात फक्त लहान तुकडे करा आणि वाळायला ठेवा. दुसऱ्या आठवड्यात नवे करा आणि पहिल्यांची खालची बाजू, सांधे, नोंदी पूर्ण करा. तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला पहिली बिस्क लागली पाहिजे, भट्टी अर्धीच भरली असली तरी. भरलेली भट्टी स्वस्त पडते हे खरं आहे, पण भट्टी भरायची वाट बघत महिने गेले की साखळी परत रिकामी होते. या पहिल्या भट्टीची वीज वाया गेली असं मी मानत नाही. त्यानंतर ग्लेझ करायला काहीतरी असतं, आणि तेव्हा नवीन ओलं कामही चालू असतं.

निघताना एक सवय लावा. उद्या आल्यावर पहिल्यांदा काय करायचं ते चिठ्ठीवर लिहून कामाशेजारी ठेवा. "डावा खांदा पातळ कर", इतकंच.

मोठं काम केव्हा सुरू करावं?

लहान कामाची बिस्क आणि ग्लेझ अशी दोन पूर्ण चक्रं झाल्यावर. मोठ्या कामात ग्रॉग (भाजलेल्या मातीचा चुरा) असलेलीच माती घ्या. त्याच मातीची एक लादी करून तिच्यावर शिल्प उभारा आणि भट्टीतही त्या लादीसकट ठेवा, मधे बारीक ग्रॉग भुरभुरवून. शिल्प आणि लादी बरोबरीने आकसतात, त्यामुळे तळ शेल्फला अडून फाटत नाही. भट्टीचं आतलं माप आधी घ्या आणि त्यातून प्रॉप (शेल्फखालचे टेकू), शेल्फ आणि चार बोटं मोकळी जागा वजा करा.

पावसाळा तोंडावर आहे. दसऱ्यानंतर सुरुवात केली तर?

कोकणात, मुंबईत, घाटमाथ्यावर हा प्रश्न खरा आहे. जुलैत माती वाळतच नाही. पण पावसाळ्यात करण्याला एक मोठा फायदा आहे: काम हळू आणि सगळीकडून सारखं वाळतं, त्यामुळे भेगा कमी पडतात. विदर्भात, मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पातळ कान आणि बोटं दुपारी दोन तासांत वाळतात आणि धड ओलंच राहतं, तेव्हा भेगा जास्त येतात. परतणाऱ्याचा हात सुरुवातीला संथ असतो, त्याला पावसाळ्याचा संथपणा सोयीचा पडतो. मी तर म्हणेन जूनमध्येच सुरू करा.

फक्त भाजताना घाई करू नका. हाताला कोरडं लागलेलं काम आतून ओलं असतं. गालाला लावून पाहा. थंड लागलं तर पाणी आहे. भट्टीत ठेवल्यावर ८०-९० अंशांवर कित्येक तास, जाड काम असेल तर रात्रभर थांबवा, झाकण किंचित उघडं ठेवून. मग भोकाजवळ थंड आरसा धरा. त्यावर वाफ धरत असेल तर अजून थांबा. १०० अंशांच्या पुढे मातीत पाणी असेल तर त्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि शिल्प फुटतं. आत अडकलेल्या हवेने काम फुटतं असं आपल्याकडे सगळे सांगतात. ते बरोबर नाही. पूर्ण वाळलेला बंद पोकळ गोळा नीट भाजून निघतो. छिद्र द्यायचं ते मुख्यतः आतली बाजू वाळावी म्हणून.

भट्टी इतके दिवस बंद होती. सरळ सुरू करू?

आधी मुख्य स्विच बंद करून आत आणि मागे पाहा. पाली, उंदीर, मुंग्या यांना भट्टी आवडते. कुंभारीण माशी तर थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या काडीच्या) नळीत आणि भोकांत मातीची घरटी करते. मागची पेटी उघडायला ओळखीचा इलेक्ट्रिशियन बोलवा. सैल झालेले किंवा काळवंडलेले जोड, उंदराने कुरतडलेली वायर आणि अर्थिंग त्याने तपासलं पाहिजे. खंडाच्या काळात जागा बदलली असेल तर महावितरणचा मंजूर भार आणि थ्री-फेज जोडणी भट्टीला पुरते का हेही विचारून घ्या.

आतल्या कँथलच्या एलिमेंटना (तापणाऱ्या तारांना) हात लावू नका. एकदा तापलेली कँथल थंड असताना ठिसूळ असते, नीट बसवायला गेलात की तुटते. विटांनी दमट हवेतलं पाणी प्यायलेलं असतं. म्हणून पहिल्यांदा रिकामी भट्टी हळू तापवा: २०० अंशांपर्यंत अगदी सावकाश, मग १००० च्या आसपास. आत एक कोन, म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा छोटा सुळका, ठेवा. थर्मोकपल जुना झाला की खोटं तापमान दाखवतो, आणि कंट्रोलरवरचा आकडा आणि वाकलेला कोन यांच्यातला फरक याच भट्टीत कळतो. ०६ नंबरचा ऑर्टन कोन साधारण १००० अंशांना वाकतो. कोन तापमान आणि वेळ दोन्ही मोजतो, म्हणून माझा विश्वास आकड्यापेक्षा कोनावर जास्त आहे.

शेल्फवरचे जुने ग्लेझचे थेंब गॉगल घालून घासून काढा आणि नवा किल्न वॉश, म्हणजे ग्लेझ शेल्फला चिकटू नये म्हणून द्यायचा लेप, लावा. निम्मी ॲल्युमिना, निम्मी चायना क्ले, पाण्यात कालवून. गॅसची भट्टी असेल तर रबरी पाइप नवाच घ्या आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून फुगे येतात का ते पाहा.

ग्लेझच्या बादल्यांत तळाला दगड बसला आहे.

वरचं पाणी ओतून टाकू नका. काही ग्लेझमधले विरघळणारे घटक त्या पाण्यातच असतात. ते वेगळ्या भांड्यात काढा, तळाचा थर खरवडून सैल करा, पाणी थोडं थोडं परत घाला आणि ८० मेशच्या चाळणीतून दोनदा गाळा. मग १०० मिलीलिटरचं वजन करा. १४० ते १५० ग्रॅमच्या दरम्यान असेल तर बहुतेक ग्लेझ बुडवायला योग्य असतात. परत तळाला बसू नये म्हणून चिमूटभर एप्सम सॉल्ट कोमट पाण्यात विरघळवून थेंब थेंब घाला. केमिस्टकडे मिळतं.

लेबल नसलेली बादली खाण्यापिण्याच्या भांड्यांवर वापरायची नाही. शिल्पावरही आधी चाचणीच्या टाइलवर, खाली जुनं शेल्फ ठेवून. पूर्वी पाठ असलेलं ग्लेझसुद्धा नव्याने टाइलवर बघा. एलिमेंट जुने झाले की भट्टी हळू चढते आणि तेच ग्लेझ वेगळं उतरतं.

पहिल्याच भट्टीत काम फुटलं. पुढे काय?

तुकडे गोळा करा आणि वाचा. तुकडे सगळीकडे उडालेले, कडा खडबडीत, आत पापुद्रे सुटलेले, म्हणजे पाणी होतं. भेग तळापासून वर गेली असेल तर तळ शेल्फला अडला. सांध्यावर सरळ सुटलं असेल तर जोडताना एक भाग दुसऱ्यापेक्षा कोरडा होता.

ग्लेझच्या भट्टीतली भेग आणखी स्पष्ट बोलते. भेगेच्या काठावर ग्लेझ गोल वळलेलं असेल तर भेग ग्लेझ वितळायच्या आधीची आहे. काठ काचेसारखे धारदार असतील तर ती थंड होताना पडली, म्हणजे भट्टी लवकर उघडली किंवा फार भराभर थंड झाली. ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झचं आकारमान अचानक बदलतं. जाड शिल्पाची एक बाजू तिथून दुसरीच्या आधी गेली की तडा जातो. चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा या टप्प्यात संथ राहा आणि आतलं तापमान १०० च्या खाली येईपर्यंत झाकण उघडू नका. निष्कर्ष वहीत लिहा आणि त्याच आठवड्यात तोच आकार पुन्हा करायला घ्या.

खंडाचं कारण आजारपण होतं. शरीर पूर्वीसारखं राहिलं नाही.

मळणं कमी करा. मळायचं टेबल कमरेच्या जरा खाली असेल तर वजन हातांऐवजी अंगाचं पडतं. माती पाच-पाच किलोच्या गोळ्यांत वाटून ठेवा, पोतं उचलू नका. शिल्प फिरत्या पाटावर ठेवून त्याला फिरवा, स्वतः वाकून फिरू नका. मोठं काम भागांत करा आणि भाजल्यावर जोडा. अनेक नावाजलेले सिरॅमिक शिल्पकार असंच करतात. मनगट किंवा पाठीची शस्त्रक्रिया झाली असेल तर फिजिओथेरपिस्टला माती मळण्याची हालचाल प्रत्यक्ष करून दाखवा आणि विचारा. त्यांना "मातीकाम" म्हटल्यावर भलतंच काही डोळ्यांसमोर येतं. गरोदरपणात आणि दूध पाजण्याच्या काळात कोरडी ग्लेझ पावडर मोजणं, मँगनीज, बेरियम, शिसं असलेले पदार्थ आणि चालू भट्टीजवळ बसणं पूर्ण टाळा. ओल्या मातीत आकार करायचा असेल तर तेही डॉक्टरांना विचारून.

पैसे मिळवायला पणत्या, मग, बटणं करावी लागतात. शिल्प मागे पडतं.

सिरॅमिक कलाकार ल्युसी री १९३८ मध्ये व्हिएन्ना सोडून लंडनला आल्या. तिथे त्यांनी उपजीविकेसाठी कपड्यांची सिरॅमिक बटणं केली. १९४६ मध्ये हान्स कोपर त्यांच्याकडे कामाला लागले तेही बटणांच्याच कामासाठी. त्या बटणांसाठी रंगांची आणि ग्लेझची अखंड परीक्षा चालू होती, भट्टी चालू होती. पुढे दोघांनी जी भांडी केली ती आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. दिवाळीच्या पणत्यांनी भट्टी भरत असेल तर त्याच भट्टीच्या एका कोपऱ्यात तुम्ही केलेलं मातीचं डोकं भाजून निघतं. माझी अट एकच: प्रत्येक भट्टीत शिल्पाचा एक तुकडा गेलाच पाहिजे.

स्टुडिओच राहिला नाही. कुठे जाऊ?

जेवणाच्या टेबलावर फळी, प्लास्टिक आणि एक पिशवी माती एवढ्यावर पहिले महिने निघतात. भाजायला दुसऱ्याची भट्टी मिळते. मुंबई-पुण्यात अनेक स्टुडिओ शेल्फच्या हिशोबाने भाजून देतात. नेण्याआधी माती कुठली आणि किती तापमानाची हे स्पष्ट सांगा. माणसांमध्ये राहून काम करायचं असेल तर चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीचा ग्रामोदय संघ आहे, कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ मध्ये उभा केलेला. लांब जायची तयारी असेल तर रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये सुरू केलेली पुदुच्चेरीची गोल्डन ब्रिज पॉटरी. भारतातल्या आजच्या सिरॅमिकवर तिचा ठसा फार खोल आहे. आणि मुंबईत असाल तर एक सकाळ धारावीच्या कुंभारवाड्यात घालवा. तिथे साखळी कधी तुटत नाही. एका अंगणात मळणं, वाळवणं आणि भाजणं एकाच वेळी चालू असतं.

पूर्वीचं काम आता माझं वाटत नाही. शैली बदलली तर लोक काय म्हणतील?

मृणालिनी मुखर्जी तागाच्या गाठींच्या प्रचंड शिल्पांसाठी ओळखल्या जात होत्या. १९९० च्या दशकाच्या मध्यात त्या सिरॅमिककडे वळल्या, १९९६ मध्ये नेदरलँड्समधल्या युरोपियन सिरॅमिक वर्क सेंटरमध्ये काम केलं, आणि नंतर ब्राँझ हातात घेतलं. बदलायचं असेल तर बदला. फक्त माती, तापमान आणि विषय हे तिन्ही एकदम बदलू नका. बिघडलं तर कशामुळे ते कळणार नाही.

प्रदर्शनाचं निमंत्रण आहे. तारीख घेऊ?

दिवस उलटे मोजा. पाठवण्याच्या तारखेच्या आधी पॅकिंगचा एक आठवडा. त्याआधी ग्लेझची भट्टी, थंड होण्यासह दोन-तीन दिवस, आणि ती बिघडली तर आणखी एक भट्टी. त्याआधी बिस्क. त्याआधी जाड शिल्पाचं वाळणं, तीन ते सहा आठवडे, पावसाळ्यात जास्त. इतकं मागे गेल्यावर प्रत्यक्ष करायला किती दिवस उरतात ते बघा. दोन महिन्यांपेक्षा कमी उरत असतील तर परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात नाही म्हणा. आपल्या माध्यमाला आता मोठी व्यासपीठं आहेत. २०१८ मध्ये जयपूरच्या जवाहर कला केंद्रात इंडियन सिरॅमिक्स ट्रायनाले या मोठ्या प्रदर्शनाची पहिली आवृत्ती झाली, दुसरी २०२४ मध्ये दिल्लीत. संधी पुन्हा येतात.

पुन्हा खंड पडणार हे माहीत आहे. स्टुडिओ कसा सोडून जाऊ?

ओली माती दुहेरी पिशवीत, आत ओलं फडकं, बाहेर मातीचं नाव आणि तापमान पक्क्या शाईने. उरलेले तुकडे पूर्ण वाळवून कोरडे ठेवा. ग्लेझच्या बादल्यांवर नाव, आणि कृती वेगळ्या वहीत, जी घरी न्यायची. भट्टीची भोकं गुंडाळलेल्या जाळीने बंद, मुख्य स्विच बंद, शेवटच्या भट्टीची नोंद दारामागे चिकटवलेली. न भाजलेलं पूर्ण काम असेल तर जाण्याआधी बिस्क करून घ्या, आणि परत आल्यावर ग्लेझ करायला चार-सहा तुकडे फळीवर राहू द्या.